पायधुणी ते हिराबाग



गेल्या महिन्यात दोन दिवस मुंबईला जाऊन आले. निमित्त आमच्या गावच्या पंचकल्याणकाचं. इंद्र-इंद्राणींचे मुकुट, हार, बाजूबंद, चंदोव्याची जर, पूजेची धोतरं-खेस, हे सगळं सांगली-कोल्हापुरातही मिळतं, नाही असं नाही. पण बोली लागलेल्या पंधरा जोड्या आणि प्रत्येक इंद्राणीला आपला मुकुट दुसरीपेक्षा वेगळा हवा! शेवटी महिला मंडळानं ठरवलं की कुणीतरी भुलेश्वरला जाऊन एकदम सगळं आणायचं. ते कुणीतरी म्हणजे मी.

निघायच्या आदल्या दिवशी आत्ती (माझ्या सासूबाई, वय वर्षं ८१) देवघरातनं एक पुस्तक घेऊन आल्या. फडक्यात बांधलेलं, पानं पिवळी पडलेली, कडेनं वाळवीनं खाल्लेलं. म्हणाल्या, "भुलेश्वरला जाताय तर हिराबाग बघून या गं. आक्का तिथंच उतरल्या होत्या."

आक्का म्हणजे मामंजींच्या आत्या. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या. आठव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कुंकू गेलं. चौदाव्या वर्षी थोरल्या भावानं त्यांना रेल्वेत बसवून मुंबईला नेलं. गावानं त्याला नावं ठेवली. बहीण-भाऊ दोन रात्री हिराबागेत राहिले आणि तिसऱ्या दिवशी भावानं त्यांना ताडदेवच्या श्राविकाश्रमात सोडलं. चार वर्षांनी त्या परत आल्या आणि पुढं चाळीस वर्षं आमच्या सोप्यात गावातल्या मुलींना अक्षरं आणि धर्म शिकवत राहिल्या. घरात त्यांचा एकही फोटो नाही. आहे ते हे पुस्तक. 'रत्नकरंड श्रावकाचार', समंतभद्राचार्यांचा, प्रभाचंद्रांच्या संस्कृत टीकेसह. माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला. आणि खाली पत्ता छापलेला: हिराबाग, गिरगाव, मुंबई.

इतकी वर्षं ते पुस्तक मी दर श्रुतपंचमीला बाहेर काढून पुसत होते. पत्ता कधी वाचला नव्हता.

लेक सुट्टीला आलेली, तिला बरोबर घेतलं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालो, सकाळी सीएसएमटीला उतरलो. दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, त्यामुळे सामान ठेवून आंघोळ उरकून आधी देवळाचा रस्ता धरला. आणि तिथूनच ही गोष्ट सुरू झाली, कारण त्या भागात चालायचं म्हणजे पाण्यावरून चालायचं.

पायधुणी हे नाव ऐकलंय ना? पाय धुवायची जागा. मुंबई सात बेटांची होती तेव्हा वरळीच्या बाजूनं आत आलेलं भरतीचं पाणी इथपर्यंत यायचं. ओहोटीला लोक ते तुडवत यायचे आणि मुंबादेवीच्या बेटावर पाऊल ठेवण्याआधी पाय धुवायचे. आज तिथं पाय धुवायचं राहू द्या, पाय ठेवायला जागा नाही. हातगाड्या, हमाल, टेम्पो. आजूबाजूला नावं बघा: धोबीतलाव, बाबुला टँक, दोन टाकी, सी. पी. टँक. सगळी पाण्याची नावं, आणि पाणी एकाही ठिकाणी नाही. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल टँक. अठराव्या शतकात कावसजी रुस्तमजी पटेल या पारशी गृहस्थांनी लोकांसाठी बांधलेला तलाव. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं आणि या तलावांची गरज कमी झाली. पुढे १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. विहिरी आणि टाक्यांत डास वाढतात म्हणून त्या झाका किंवा बुजवा, असा त्याचा मथितार्थ. त्याला विरोध करणाऱ्यांत पारशी होते, हिंदू होते आणि आपले लोकही होते. अभिषेकाला विहिरीचंच पाणी लागतं, मुनींच्या आहाराला विहिरीचंच लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. काही विहिरी जाळीची झाकणं बसवून वाचल्या.

लेक म्हणाली, "पण आई, नळाचं पाणी गाळल्यावर जिवाणी टाकायची कुठं?" प्रश्न अगदी बरोबर. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात परत सोडायचे, हा नियम विहिरीला लागू पडतो. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर सार्वजनिक नळापुढे घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईनं काय करायचं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गल्ल्यांत संसार मांडलेल्या आपल्या बायकांनी याची काही ना काही वाट काढली असणार. हे कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. इतिहास नळ कधी आला ते सांगतो, गाळण्याचं फडकं कुठं झटकलं ते सांगत नाही.

पायधुणीच्या चौकाला आता विजय वल्लभ चौक म्हणतात. श्वेतांबर आचार्य विजयवल्लभसूरींचं नाव आहे ते. महावीर जैन विद्यालयामागची प्रेरणा त्यांची. जवळच गोडीजी पार्श्वनाथाचं देरासर. १८१२ सालचं. २०१२ मध्ये त्याची दोनशे वर्षं मोठ्या थाटात साजरी झाली. मूळ व्यापारी वस्ती कोटात, म्हणजे फोर्टात होती. १८०३ साली तिथं मोठी आग लागली आणि त्यानंतर एतद्देशीय व्यापारी कोटाबाहेर सरकले. बाजार आले, बाजारापाठोपाठ देवळं आली. आम्ही गुलालवाडीच्या आपल्या दिगंबर मंदिरात दर्शन घेतलं. शेजारी तांब्या-पितळेचा बाजार, ठोक्यांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत येतो. तिथंच एक तांब्याचा कलश घेतला. यादीत नव्हता, पण बायकांना सांगायला नको, यादीत नसलेलंच आधी घेतलं जातं.

झवेरी बाजार मी झटकन ओलांडला, लेकीसमोर मोह नको म्हणून. एक आठवण मात्र तिला सांगितली. १८९१ साली गांधीजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन उतरले, तेव्हा डॉ. प्राणजीवन मेहतांच्या घरी त्यांची आणि श्रीमद् राजचंद्रांची गाठ पडली. राजचंद्र तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचे, हिरे-मोत्यांच्या पेढीचे भागीदार. दिवसभर रत्नांची पारख आणि व्यवहार संपला की लगेच धर्माची वही उघडायची. ते पाहून गांधीजी थक्क झाले होते. दुकानात बसूनही सामायिक होऊ शकतं याचं हे उदाहरण आपल्याकडे पुरुषांना नेहमी देतात. फोडणी देता देता होणाऱ्या सामायिकाबद्दल कुणी लिहिलेलं नाही, असो.

मुकुटांची खरेदी भुलेश्वरात तीन तास चालली. त्याचं वर्णन मंडळाच्या बैठकीत करीन. इथं सांगायचं आहे ते पांजरापोळचं.

भुलेश्वरच्या गर्दीतून, माधवबागेच्या अलीकडे, एका कमानीतून आत शिरलं की एकदम शेणाचा आणि ओल्या चाऱ्याचा वास येतो. मुंबईच्या पोटात शेकडो गायी! बायका चाऱ्याच्या पेंढ्या विकत घेऊन गायींना घालतात, लहान मुलांना उचलून वासराच्या पाठीवर हात फिरवायला लावतात. आम्हीही घातल्या.

ही संस्था १८३४ सालची. तिच्यामागे मोठी गोष्ट आहे. तेव्हा इंग्रज सरकार उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचं, मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळायचे. पैशासाठी माणसं घराच्या दारातली कुत्रीही ओढून न्यायला लागली. जून १८३२ मध्ये पारशांच्या एका पवित्र दिवशी हे घडलं आणि कोटात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी पारशांबरोबर हिंदू, जैन, इस्माइली व्यापाऱ्यांनीही दुकानं बंद ठेवली. फौजेला जाणारं दाणापाणीसुद्धा अडलं. विचार करा, मुंबईतला इतका जुना हरताळ मुक्या जनावरासाठी होता! त्यातूनच पुढे जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद, यांच्या पुढाकारानं पांजरापोळ उभी राहिली. म्हाताऱ्या, लंगड्या, टाकून दिलेल्या जनावरांना मरेपर्यंत आसरा.

मोतीशा शेठांचं नाव या भागात अजून आहे. पांजरापोळच्याच रस्त्यावर मोतीशा लालबाग आहे. भायखळ्याचं आदिनाथाचं देरासर त्यांचं. शत्रुंजयावर दोन शिखरांमधली दरी बुजवून त्यांनी टूक बांधायला घेतली, पण प्रतिष्ठा बघायला ते राहिले नाहीत. १८३६ मध्ये गेले, प्रतिष्ठा १८३७ ला झाली.

हे सगळं मी लेकीला अभिमानानं सांगत होते. ती मोबाइलवर काहीतरी वाचत होती. म्हणाली, "आई, यांचा धंदा कसला होता माहितेय? अफू."

मला माहीत होतं. सांगितलं नव्हतं एवढंच. जमशेटजी आणि मोतीशा चीनच्या व्यापारात भागीदार होते. कापूस जायचा, तशी माळव्याची अफूही जायची. मुंबईच्या त्या काळातल्या कितीतरी मोठ्या घरांची श्रीमंती त्याच जहाजांवरून आली. तेव्हा तो इथं गुन्हा नव्हता, कंपनी सरकार स्वतःच त्यात होतं. पण श्रावकाला वर्ज्य असलेले जे पंधरा धंदे आपल्या ग्रंथांत सांगितलेत, त्यांत विषाचा व्यापार स्पष्ट शब्दांत आहे. मोतीशांना तो माहीत नसेल असं मी म्हणणार नाही, एवढी तीर्थं बांधणारा माणूस.

"मग कुत्र्यांना वाचवलं आणि चिनी माणसांना..." लेकीनं वाक्य अर्धंच सोडलं. गाईची जीभ तिच्या तळहातावर होती.

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. "काळच तसा होता" असं म्हणून झटकता आलं असतं, पण तसं म्हटलं तर उद्या मुलंही आपल्याला तेच सुनावतील. आणि "म्हणून ते दान खोटं" असंही मला म्हणवत नाही, कारण त्या दानावर जवळजवळ दोनशे वर्षं जनावरं जगली, समोर उभी होती. दोन्ही खरं आहे, एवढंच तिला म्हटलं. आणि आपल्या देवळांच्या दातारांच्या फरशा वाचताना वर्षाबरोबर धंदाही विचारायला हरकत नाही, असंही. आमच्या पंचकल्याणकाच्या बोल्यांची यादी डोळ्यांपुढे आली आणि मी विषय बदलला.

माधवबाग ओलांडली की सी. पी. टँकचा चौक. आणि तिथं हिराबाग.

खरं सांगते, मनात काही भव्य होतं. इमारत जुनी आहे, उभी आहे, चौकाच्या गोंगाटात आपलं नाव सांभाळून आहे. १९०५ मध्ये शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी वडिलांच्या नावानं बांधलेली धर्मशाळा. माणिकचंद शेठ मूळचे सुरतचे, जन्म १८५१. भावांबरोबर लहान वयात मुंबईला आले आणि मोत्यांच्या व्यापारात मोठे झाले. लोक त्यांना दानवीर म्हणायचे. ताडदेवला विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वसतिगृह काढलं. आपल्या कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगलाही त्यांचा हात लागलेला आहे. दक्षिणेतून, विदर्भातून शिखरजीला निघालेला माणूस मुंबईत उतरला की त्याला सोवळ्याची, गाळलेल्या पाण्याची, सूर्यास्ताआधीच्या जेवणाची सोय कुठं मिळणार? हॉटेलात नाही. म्हणून धर्मशाळा. रत्नकरंडात समंतभद्र दानाचे चार प्रकार सांगतात, त्यांत आहार आणि औषधाबरोबर आवासही आहे. आक्कांच्या पुस्तकात त्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे.

या हिराबागेत मोठमोठी माणसं येऊन गेली. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परतले, तेव्हाचा त्यांचा एक सत्कार इथं झाला आणि त्याला लोकमान्य टिळक हजर होते. पण मी उभी होते ती आक्कांसाठी, आणि आक्कांच्या मागे मला दुसरीच एक बाई दिसत होती. माणिकचंद शेठांची मुलगी, मगनबाई.

मगनबाईंचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? मी स्वतः चाळिशी ओलांडेपर्यंत ऐकलं नव्हतं. त्यांचा जन्म १८८०च्या आसपासचा. विशीच्या आतच नवरा गेला, पदरात लहान मुलगी. त्या काळच्या रीतीनं त्यांच्यापुढे काय होतं ते सांगायला नको. अंधारी खोली, कोपरा, दुसऱ्यांच्या लग्नात मागच्या दारानं यायचं. माणिकचंद शेठांनी तिला कोपऱ्यात बसू दिलं नाही. घरी आणून तिच्या शिक्षणाची सोय केली. संस्कृत, धर्मग्रंथ, लिहिणं, सभेत बोलणं. शीतलप्रसादजी ब्रह्मचारींनी १९१९ मध्ये लिहिलेल्या शेठांच्या हिंदी चरित्रात या घराची हकीकत आहे. लाखांचं दान करणारे बाप पुष्कळ झाले. मुलीच्या हातात पाटी देणारा आणि मग तिच्या मागे उभं राहून लोकांची बोलणी खाणारा बाप, हे मला त्यांच्या सगळ्या इमारतींपेक्षा मोठं वाटतं.

शिकलेल्या मगनबाई घरात बसल्या नाहीत. आपल्यासारख्या दुसऱ्या विधवांसाठी त्यांनी श्राविकाश्रम काढला. सुरुवात अहमदाबादेत, मग मुंबईत, आणि पुढे ताडदेवच्या जुबिलीबागेत. त्यांच्याबरोबर अंकलेश्वरच्या ललिताबाई होत्या, सोलापूरच्या कंकुबाई होत्या (हिराचंद नेमचंद दोशींची मुलगी, ज्यांनी मराठीत 'जैन बोधक' काढलं ते हिराचंद). तिकडे बिहारमध्ये आऱ्याला चंदाबाई. या सगळ्याच विधवा. ज्या बाईचं तोंड सकाळी बघू नये म्हणत, त्यांनीच आपल्या समाजातली मुलींच्या शिक्षणाची पहिली फळी उभी केली. सोलापूरला सुमतीबाई शहांनी पुढे जे श्राविकांचं एवढं मोठं काम केलं, पद्मश्री मिळवली, ती वाट याच बायकांनी पाडलेली.

मराठी मुलुखात तेव्हा हे वारं होतंच. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईतच, इथून चालत जाता येईल अशा चौपाटीवर सुरू झालं. मग पुण्याला गेलं. कर्व्यांचा आश्रम १८९६चा. पण रमाबाईंच्या घरात मुलगी पाठवायची तर धर्म जाईल ही भीती, आणि इतर आश्रमांत आपलं खाणं-पिणं, रात्रिभोजनत्याग, देवदर्शन कसं जमायचं हा प्रश्न. आक्कांच्या भावानं बहिणीला गावाबाहेर काढलं, ते श्राविकाश्रमात पाणी गाळून मिळतं एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर, असं आत्ती सांगतात. घरातल्या बायकांची संमती त्यानं तेवढ्यावरच मिळवली. आपल्या नियमांनी बायकांना बांधून ठेवलं असं आपण म्हणतो, तेही खरं आहे. पण इथं त्याच नियमानं एक दार उघडलं.

सगळं गोड नव्हतं. आश्रमाचा भर शिक्षणावर, व्रतांवर आणि धर्माभ्यासावर होता. पुनर्विवाहाची वाट तिथून जात नव्हती. पुढे शीतलप्रसादजींनी विधवाविवाहाची बाजू घेतली तेव्हा समाजात केवढं वादळ उठलं! चौदा वर्षांच्या मुलीला पांढऱ्या लुगड्यात आयुष्यभर ब्रह्मचर्य शिकवणं हे मला आज जड जातं. आक्कांना काय वाटत होतं? आत्तींनी एकदा धीर करून विचारलं होतं. आक्का म्हणाल्या, "कोपऱ्यात बसून कण्या निवडण्यापेक्षा बरं होतं." याउप्पर काही नाही. मगनबाई १९३० मध्ये गेल्या. आक्का तेव्हा आश्रमातच होत्या. त्या दिवसाबद्दल त्या कधीच बोलल्या नाहीत म्हणे.

आता त्या पुस्तकावरच्या पत्त्याकडे येते. हिराबागेतच नाथुराम प्रेमी बसायचे. मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातल्या देवरीचा हा माणूस १९०१ साली दिगंबर जैन प्रांतिक सभेत कारकून म्हणून मुंबईत आला. १९१२ मध्ये त्यांनी हिंदी ग्रंथ रत्नाकर सुरू केलं. पहिलंच पुस्तक 'स्वाधीनता', मिल्ल यांच्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथाचं महावीरप्रसाद द्विवेदींनी केलेलं भाषांतर. शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या हिंदीत आल्या त्या इथून, जैनेंद्रकुमारांची 'परख' इथून. मराठी गिरगावात, गुजराती बाजारात, सुरतेच्या झवेऱ्याच्या धर्मशाळेत बसून एक बुंदेलखंडी माणूस हिंदी साहित्य छापतो आहे. मुंबई म्हणतात ती हीच.

माणिकचंद शेठ १९१४ मध्ये गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथमाला निघाली. प्रेमीजी तिचे मंत्री. संस्कृत-प्राकृत ग्रंथ शुद्ध करून छापायचे आणि खर्चाच्या किमतीत द्यायचे. आज यात विशेष वाटत नाही. पण त्याआधी पंचवीस-तीस वर्षं आपल्या समाजात शास्त्र छापावं की नाही यावर भांडणं झाली होती. शाईत काय असतं, रुळाला चामडं असतं, बांधणीला सरस असतो. शिवाय छापलेलं पुस्तक कुणीही, कुठंही, न धुतल्या हातानं उघडेल. छापील शास्त्राला हात लावणार नाही असे नियमही लोकांनी घेतले होते. हस्तलिखित पोथी भांडारात कुलपात, किल्ली पंचांकडे. वाचायची पंडितांनी, ऐकायची बायकांनी, तीही खांबाआड बसून. जिनवाणीचा अविनय होईल ही भीती खोटी नव्हती. मी स्वतः अजून धर्माचं पुस्तक जमिनीवर ठेवत नाही. पण छापा झाला नसता तर 'रत्नकरंड' आमच्या सोप्यात, एका विधवा बाईच्या मांडीवर, दहा मुलींच्या मध्ये कधी आला असता का? या गल्ल्यांत छापण्याची परंपरा होतीच. जावजी दादाजींचा निर्णयसागर इथल्याच कोलभाट लेनमध्ये, ज्याच्या सुबक अक्षरांत आपलेही कितीतरी ग्रंथ निघाले.

मी चौकात उभी राहून पुस्तकाचं मुखपृष्ठ मोबाइलवर पुन्हा बघितलं, मग समोरची पाटी. लेकीनं फोटो काढला. एक हमाल "बाजू, बाजू" ओरडत आमच्या मुकुटांच्या खोक्याला घासून गेला. संध्याकाळचे सव्वापाच झाले होते, सूर्यास्ताआधी जेवायचं होतं, म्हणून ताडदेव राहिलं. ते पुढच्या खेपेला.

घरी आल्यावर आत्तींनी मुकुट बाजूला सारले आणि आधी फोटो मागितला. बराच वेळ बघितला. "आक्का सांगायच्या, मुंबईत उतरल्यावर पहिल्या दिवशी घागर भरायला गेल्या, तर पाणी भिंतीतनं येत होतं. गाळल्यावर फडकं हातात धरून उभ्याच राहिल्या, जिवाणी सोडायची कुठं कळेना. मग दुसऱ्या एका बाईनं जवळच्या वाडीतली विहीर दाखवली." लेक माझ्याकडे बघायला लागली.

चंदोव्याच्या जरीतून हातभर कापड उरलं होतं. आत्तींनी काल त्याचं वेष्टण शिवलं, आणि वाळवीसाठी आत वेखंडाचा तुकडा घालून पुस्तक त्यात बांधलं.